सापडलं काय, थे सांग

गुलाबी बोंडअळीनं आतून खाल्लेलं बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं. अळी अगदी बारीक असताना आत शिरते, तिचं भोक बुजून जातं आणि बोंड आपलं वाढत राहतं. धुऱ्यावर उभं राहून पाहणाऱ्याला पीक जोमात आहे असंच वाटतं. बोंड फोडलं की मग कळतं. पिवळट डागाळलेली रुई, पोखरलेली सरकी आणि एखाद्या कप्प्यात अंग आखडून बसलेली अळी.

एवढं साधं वर्णन मी पीएच.डी.च्या पहिल्या सादरीकरणात केलं नाही. जून 2019 मधली गोष्ट. सल्लागार समितीपुढे मला वीस मिनिटं होती आणि माझ्या पीपीटीत बावन्न स्लाइड होत्या. विषय कृषी विस्ताराचा, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत कसं पोचतं याचा होता. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यातले कापूस उत्पादक फरदड का घेतात, म्हणजे डिसेंबरात पीक संपवून पऱ्हाटी काढून टाकायच्या ऐवजी शेवटच्या वेचण्यांसाठी ती फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी का ठेवतात, हा माझा प्रश्न. पण पहिल्या स्लाइडवरचं शीर्षक ‘अ स्टडी ऑफ नॉलेज अँड अ‍ॅडॉप्शन’ असं सुरू व्हायचं आणि तीन ओळी चालायचं. ते वाचतानाच मला धाप लागली.

त्यानंतर प्रस्तावना, कापसाचं जागतिक क्षेत्र, भारतातलं क्षेत्र, महाराष्ट्रातलं क्षेत्र. मग संशोधन साहित्याचा आढावा. कुणी कोणत्या साली काय म्हटलं, एकाखाली एक. मी पडद्याकडे तोंड करून वाचत होते, समिती माझ्या पाठीकडे बघत होती. अकराव्या की बाराव्या स्लाइडवर घंटी वाजली. एक सदस्य शांतपणे म्हणाले, “मॅडम, ते राहू द्या. तुम्हाला नेमकं सापडलं काय, तेवढं सांगा.” मी म्हटलं, “सर, टेबल चार पॉइंट तीनमध्ये...” आणि ती स्लाइड शोधायला लागले. सापडेपर्यंत पुढचा विद्यार्थी दारात येऊन उभा होता.

त्या दिवशी अमरावतीहून परतताना एसटीत मला रडू आलं. अपमान झाला म्हणून नव्हे, तसं कुणी काही वाईट बोललंच नव्हतं. मी ज्यांच्या वावरात उन्हातान्हात फिरले होते, ज्यांनी कामधाम सोडून माझ्या प्रश्नावलीला उत्तरं दिली होती, त्यांच्याबद्दल मी त्या खोलीत एक अवाक्षर बोलले नव्हते. 2017 सालचा हंगाम आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी बोंडअळीनं विदर्भातली कपाशी आतून खाल्ली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. मी हा विषय घेतला तो त्यामुळे. माझ्या बावन्न स्लाइडमध्ये ते कुठेच नव्हतं.

नियम पाहिला तर आम्हाला बोलायची संधी कमी नाही. माझ्या वेळी लागू असलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमावलीप्रमाणे संशोधकानं दर सहा महिन्यांनी समितीपुढे कामाची प्रगती मांडायची असे. प्रबंध सादर करण्याआधी विभागात सगळ्यांसाठी खुलं सादरीकरण असतं, आणि शेवटची मौखिक परीक्षाही खुली असते. म्हणजे पीएच.डी. होईपर्यंत माणूस किमान सहा-सात वेळा उभा राहून बोलतो. पण बोलायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवत नाही. कोर्सवर्कमध्ये संशोधन पद्धती असते, संख्याशास्त्र असतं, सादरीकरणाचा मात्र एखादा तास झाला तर झाला. सीनियरची पीपीटी पेनड्राइव्हवर मिळते, तिच्यात आपले आकडे भरायचे. माझ्या पीपीटीचा निळा पट्टा आणि कोपऱ्यातलं गुलाबाचं फूल असंच कुणाकुणाकडून चालत आलेलं होतं.

दिवाळीत मी मामाच्या गावी गेले. गाव दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला हा टापू. जमीन काळी कसदार, पण खाली पाणी खारं. विहीर खोदली तरी ते पाणी पिकाला देता येत नाही, दिलं तर वावर खराब होतं. त्या गावात रोज संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली ही रीत विदर्भातल्या कितीतरी गावांत अजून चालू आहे. प्रार्थना झाली की कुणी दोन शब्द बोलतो. मामानं परस्पर जाहीर करून टाकलं की उद्या आपली भाची बोंडअळीवर बोलणार.

मी म्हटलं, “मामाजी, माझी पीपीटी इंग्रजीत आहे.”

“पीपीटी राहू दे वं. दोन वर्सं झाले तू फिरून रायली. तुले सापडलं काय, थे सांग.”

समितीतल्या सरांचाच प्रश्न होता तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाच्या वावरातून एक पिशवी भरून आणली. चार-पाच डोमकळ्या आणि दहा-बारा हिरवी बोंडं. डोमकळी म्हणजे अळी आत शिरलेलं फूल. पाकळ्या अळीच्या धाग्यांनी एकमेकींना चिकटतात आणि फूल उमलायचं थांबून गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. पन्नासेक माणसं सतरंजीवर बसली होती, बायका उजवीकडे. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं, म्हणून मी आधी एक डोमकळी समोरच्या काकाजींच्या हातात दिली आणि म्हटलं, उघडा. त्यांनी नखानं पाकळ्या सोडवल्या. आतली अळी त्यांच्या तळहातावर चालायला लागली तसे मागचे लोक उठून पुढे आले.

मग मी बोलले. या अळीची पुढे पाखरं, म्हणजे पतंग होतात; त्यातली नर पाखरं मोजायला मादीच्या वासानं त्यांना ओढणारा कामगंध सापळा कसा लावतात, आणि सापळ्यात रात्रीला आठ पाखरं सलग तीन रात्री आली की आता हात-पाय हलवायची वेळ झाली असं समजायचं. माझ्या स्लाइडवर याचंच नाव ‘इकॉनॉमिक थ्रेशोल्ड लेव्हल’ होतं आणि खाली चार ओळींची व्याख्या होती. इथे आठ पाखरं, तीन रात्री म्हटल्यावर एका पोरानं तिथल्या तिथे मोबाइलवर लिहून घेतलं. पऱ्हाटी उभी राहिली की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं, आणि सरपणासाठी घरामागे रचलेल्या पऱ्हाट्यांच्या वाळक्या बोंडांत ती झोपून राहते, हेही सांगितलं. माझं बोलणं दहा-बारा मिनिटांत आटोपलं असेल.

तेव्हा ते काकाजी म्हणाले, “पोरी, तुह्यं समदं खरं हाये. पऱ्हाटी काढून टाकतो. मंग त्या वावरात लावू काय? विहिरीचं पानी तं खारं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत फरदड घेण्याच्या कारणांचे पर्याय होते: माहितीचा अभाव, पैशाची निकड, मजूर न मिळणं, भाव वाढायची आशा. ‘दुसरं पीक घेता येत नाही’ हा पर्यायच मी ठेवला नव्हता. ती प्रश्नावली मी आधीच्या अभ्यासांवरून बेतली होती, आणि ते अभ्यास ओलिताच्या भागांतले होते. मी खारपाणपट्ट्याची लेक असून मला ते सुचलं नाही, आणि समितीपुढे बावन्न स्लाइड दाखवूनही कुणाला ते दिसलं नाही. दिसणार कुठून? मी त्यांना दिसेल असं काही मांडलंच नव्हतं.

सादरीकरणाकडे तेव्हापासून मी निराळ्या नजरेनं पाहते. आपण ते प्रबंधाच्या शेवटी चढवायचं तोरण समजतो, काम झालं की आता सजवू म्हणतो. माझ्या कामातली भेग मला दिसली ती मोकळेपणानं बोलल्यामुळे. समोरच्याला इतकं स्वच्छ कळावं की त्याला आपली चूक धरता आली पाहिजे. जे बोलणं कळतच नाही त्याला कुणी प्रश्न विचारत नाही, आणि आपण समजतो की प्रेझेंटेशन निर्विघ्न पार पडलं. पुढच्या फेरीत मी प्रश्नावली दुरुस्त करून पुन्हा त्याच गावांत गेले. प्रबंधाचा पाचवा अध्याय त्या एका प्रश्नातून उभा राहिला.

आमच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे. त्यांचा जन्म 1876 सालचा, गाव शेंडगाव, आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. आणि हे सगळं आपल्या वऱ्हाडी बोलीत. त्यात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो क्रम. रात्री स्वच्छतेवर बोलणाऱ्या माणसाला लोकांनी दिवसा रस्ता झाडताना पाहिलेलं असे. पुरावा आधी डोळ्यांसमोर येई, शब्द मागून. आम्ही संशोधक नेमकं उलटं करतो. चौदा मिनिटं व्याख्या आणि आढावा, आणि पुरावा दाखवायची वेळ आली की घंटी.

आता मी एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. गेली काही वर्षं आजूबाजूचे पीएच.डी. करणारे पाच-सहा जण रविवारी आमच्या वाचनालयात जमतात आणि एकमेकांपुढे बोलून बघतात. तिथे मी पहिल्यांदा लॅपटॉप बंद करायला लावते. स्लाइडशिवाय तीन मिनिटं बोल. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं अशी एक स्पर्धा सुरू केली, ‘थ्री मिनिट थिसिस’. एकच स्थिर स्लाइड, तीन मिनिटं, आणि विषयाबाहेरच्या माणसाला कळेल असं आपलं संशोधन सांगायचं. ती कल्पना दुष्काळातून निघाली. पाणी वाचवावं म्हणून तिथले लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचं टायमर लावून आंघोळ करत होते, आणि ते बघून तिथले पदव्युत्तर विभागाचे प्रमुख अ‍ॅलन लॉसन यांना ही कल्पना सुचली. आमच्या पोरांना मी हे सांगते तेव्हा ती लगेच समजतात. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला मोजून वापरणं शिकवावं लागत नाही.

तीन मिनिटं साधली की स्लाइडकडे वळायचं. मथळ्यावर आमची नेहमी झटापट होते. ‘निकाल व चर्चा’ हा मथळा काहीच सांगत नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले मायकेल अ‍ॅली वर्षानुवर्षं हे सांगत आले आहेत की स्लाइडचा मथळा म्हणजे एक पूर्ण वाक्य असावं, आपला दावा, आणि खाली त्या दाव्याचा पुरावा चित्रात किंवा आलेखात. मी माझ्या ‘टेबल चार पॉइंट तीन’चा मथळा बदलून लिहिला: ‘ओलिताची सोय नसलेला शेतकरी माहिती असूनही फरदड घेतो’. वाक्य लिहिताना मला दोनदा थांबावं लागलं, कारण ‘माहिती असूनही’ म्हणायला माझ्याकडे पुरेसा आधार आहे का, हे पुन्हा तपासावं लागलं. नुसता विषय लिहिला असता तर ही तपासणी टळली असती. बावीस ओळींचा तक्ता मी आभाराच्या स्लाइडच्या मागे नेऊन ठेवला. कुणी विचारलं तर दाखवायचा. समोर फक्त दोन ओळी ठेवल्या.

आणि मोठ्यानं बोलून सराव. मनातल्या मनात वाचलेलं भाषण नेहमी वेळेत बसतं. उभं राहून, घड्याळ लावून, तोंडानं बोललं की ते दीडपट होतं. पहिली दोन मिनिटं तोंडपाठ हवीत, कारण घसा तेव्हाच कोरडा पडतो. बाकीचं पाठ करू नये, कुणी मध्ये टोकलं की पाठांतराची गाडी रुळावरून उतरते.

इंग्रजीबद्दल मला थोडं बोलायचं आहे. खेड्यातून आलेल्या मुलांचं निम्मं बळ त्या भीतीत जातं. स्लाइडवर परिच्छेदच्या परिच्छेद भरायचे ते त्यासाठीच, की आठवलं नाही तर वाचता येईल. मीही तेच केलं होतं. चहाच्या वेळी आमच्याशी वऱ्हाडीत गप्पा मारणारी समिती सभागृहात शिरली की सगळ्यांची भाषा बदलते, हा आपल्याकडचा अनुभव आहे. मी मुलांना म्हणते, तांत्रिक शब्द इंग्रजीतच ठेवा, ते नीट उच्चारायला शिका, ‘पेक्टिनोफोरा गॉसिपिएला’ हे नाव मी वावरात चालताना शंभर वेळा म्हटलं असेल. वाक्यं मात्र छोटी आणि स्वतःची. परवानगी असेल तिथे सरळ मराठीत बोला. अडखळत बोललेली आपली चार वाक्यं परक्याच्या गुळगुळीत परिच्छेदापेक्षा समितीला जास्त पटतात, हे मी खोलीच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलं आहे.

मुलींचा आणखी एक अडसर असतो. आम्हाला लहानपणापासून “हळू बोल” हेच ऐकायला मिळतं. एवढ्या वर्षांनी अचानक शेवटच्या बाकापर्यंत आवाज न्यायचा म्हणजे अंगातली सवय मोडायची असते. आमच्या रविवारच्या बैठकीत एक जण कायम वाचनालयाच्या दाराबाहेर, सायकल स्टँडजवळ उभा राहतो. त्याला ऐकू आलं तरच झालं.

गेल्या वर्षी धारणीकडचा एक विद्यार्थी आमच्यात येऊ लागला. घरची भाषा कोरकू. मेळघाटातलं मूल पहिलीत येतं तेव्हा घरात कोरकू आणि पुस्तकात मराठी, त्यामुळे शिकण्यावर काय परिणाम होतो यावर त्याचं काम. पोरगा अबोल. तीन रविवार त्यानं खाली मान घालून स्लाइड वाचल्या. चौथ्या रविवारी मी त्याला विचारलं, तुझ्या आजीला हे काम कसं सांगतोस? तो कोरकूत बोलायला लागला तसा त्याचा हात हलायला लागला, आवाज खुलला. आम्हाला अक्षरही कळलं नाही, पण कुणाचं लक्ष ढळलं नाही. पुढे समितीपुढे त्यानं सुरुवात तशीच केली. दोन-तीन वाक्यं कोरकूत, मग थांबून, “सर, आत्ता मी काय विचारलं?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. “पहिलीतलं पोर शाळेत असं बसते,” तो म्हणाला, आणि पहिला आलेख लावला.

माझं प्रबंधपूर्व सादरीकरण डिसेंबर 2021 मध्ये झालं. मध्ये टाळेबंदीची दीड-दोन वर्षं गेली होती. चौदा स्लाइड, वीस मिनिटं. मामाच्या वावरातली सहा बोंडं मी कागदात बांधून नेली होती. सुरुवातीलाच एकेक बोंड समितीच्या प्रत्येक सदस्यापुढे ठेवलं आणि विचारलं, यातलं चांगलं कोणतं असेल? त्यांनी उलटूनपालटून पाहिलं. एक मॅडम म्हणाल्या, सगळीच चांगली दिसतात. मग फोडायला सांगितलं. बोंड कडक होतं, त्यांना जमेना. दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले शिपाई दादा पुढे आले, ट्रे टेबलावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबून ते फोडून दिलं. पांढऱ्या कागदावर डागाळलेली रुई सांडली, तिच्यातून अळी बाहेर आली.

शेवटी बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, “ठीक आहे, फरदड बंद केली. मग कोरडवाहू शेतकऱ्यानं तिथे काय घ्यायचं?” हा प्रश्न मी गावात दोन वर्षं आधी ऐकला होता. मी तो पुन्हा एकदा स्वतःच्या शब्दांत म्हटला, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल, आणि पाचव्या अध्यायातलं सांगितलं. लवकर येणाऱ्या वाणांची पऱ्हाटी नोव्हेंबरअखेर काढून उरलेल्या ओलीवर हरभरा घेऊन पाहणारे काही शेतकरी मला भेटले होते, त्यांचं कुठे जमलं, कुठे ओल पुरली नाही. मग त्यांनी विचारलं, दर एकरी हिशेबात फरदडीपेक्षा हे परवडतं का? “सर, तो हिशेब मी केलेला नाही,” मी म्हटलं, “माझ्या आकड्यांवरून ते सांगता येणार नाही.” त्यांनी मान हलवून वहीत काहीतरी लिहिलं.

सगळे उठून गेल्यावर मी लॅपटॉपची वायर गुंडाळत होते. शिपाई दादा कप गोळा करत होते. टेबलाजवळ थांबून त्यांनी उरलेली दोन बोंडं हातात घेतली.

“मॅडम, हे मी नेऊ काय? आमच्या वावरात बी अशीच हिरवी दिसून रायली. घरी फोडून दाखवतो.”